आरोपी कार्ब्युरेटर : जुन्या छोट्या मोटारीच्या इंधनवाटेचा तपास

भंडारा जिल्ह्याच्या उत्तर भागात, तुमसरहून कटंगीकडे जाणाऱ्या मार्गावर, नाकाडोंगरी हे गाव आहे. याच नावाचे वनपरिक्षेत्र वनविभागाच्या नकाशावर आहे; परिसरात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे मॅंगनीजच्या खाणी आहेत; जवळच बावनथडी नदी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्या सीमेवरून वाहते, आणि उरलेल्या सपाटीवर तुमसरच्या तांदूळ बाजाराला माल पुरवणाऱ्या धानाच्या बांध्या पसरलेल्या आहेत. अशा टापूत स्वतःची चारचाकी असली, तरी ती रोज रस्त्यावर येत नाही. तुमसरच्या उपजिल्हा रुग्णालयात रुग्ण न्यायचा असतो, लग्नाचे वऱ्हाड निघायचे असते, एखादे सरकारी काम भंडाऱ्याला अडलेले असते, तेव्हाच ती बाहेर निघते आणि मधले दिवस, कधी मधले आठवडे, पडवीत किंवा मोहाच्या झाडाखाली उभी राहते. ही मोटार बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या हातची असते, बहुधा छोटी असते, आणि ती बंद पडली की दोष बहुतेक वेळा इंधनाच्या वाटेवर कोठेतरी असतो. तो नेमका कोठे असतो, याविषयी मात्र गॅरेजमधील रूढ समजूत आणि प्रत्यक्ष कारणे यांच्यात मोठे अंतर आढळते: मिस्त्री प्रथम कार्ब्युरेटर उघडतो, आणि खरा बिघाड अनेकदा त्याच्या कितीतरी मागे, टाकीत, नळीत किंवा खुद्द पेट्रोलमध्ये बसलेला असतो.

छोटी जुनी मोटार म्हटले की भारतात पहिले नाव मारुती ८००चे येते, आणि तपासाला तीच सोयीची आहे, कारण इंधनप्रणालीच्या दोन पिढ्या तिच्या एकाच आयुष्यात सामावल्या आहेत. गुडगावच्या कारखान्यातून १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली गाडी ग्राहकाच्या हाती गेली, १९८६ मध्ये तिचा बाह्याकार बदलला, आणि शेवटची गाडी १८ जानेवारी २०१४ रोजी तयार झाली. दरम्यानच्या तीस वर्षांत देशात तिची विक्री पंचवीस लाखांच्या पुढे गेली. तीन सिलिंडरांचे ७९६ घन सेंटिमीटरचे इंजिन तिच्यात होते. पहिली सुमारे पंधरा वर्षे या इंजिनाला कार्ब्युरेटर, म्हणजे हवेच्या ओढीने पेट्रोल खेचून तिच्यात मिसळणारे यांत्रिक साधन, इंधन पुरवीत असे. जपानच्या मिकुनीशी सहकार्य असलेली चेन्नईची यूकॅल फ्युएल सिस्टिम्स ही कंपनी मारुतीसाठी कार्ब्युरेटर बनवीत असे. पुढे उत्सर्जनाचे निकष कडक झाल्यावर एमपीएफआय आली. या पद्धतीत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर असतो आणि त्याला किती पेट्रोल द्यायचे हे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ठरवतो.

पूर्व विदर्भाच्या दृष्टीने यात एक महत्त्वाची बाब आहे. एप्रिल २०१० मध्ये देशातील तेरा महत्त्वाच्या शहरांत भारत स्टेज चारचे निकष लागू झाले आणि तेथे या गाडीची विक्री थांबली. महाराष्ट्रातून त्या यादीत मुंबई, पुणे आणि सोलापूर होते, नागपूर नव्हते. त्यामुळे नागपूर आणि त्याभोवतीच्या जिल्ह्यांत ही गाडी आणखी जवळपास चार वर्षे नवी मिळत राहिली, आणि एमएच ३६ या भंडाऱ्याच्या क्रमांकमालिकेत तिचे शेवटचे नमुने आजही धावण्याजोग्या स्थितीत असणे स्वाभाविक आहे. त्यांच्याबरोबर कार्ब्युरेटरच्या काळातील, पंचवीस-तीस वर्षे जुन्या गाड्याही आहेत. या दोन्हींचे दुखणे वेगळे, तरी सुरुवात एकाच ठिकाणाहून होते.

ते ठिकाण म्हणजे टाकी. मारुती ८००ची टाकी सुमारे २८ लिटरची, आणि ग्रामीण वापरात ती क्वचितच भरते. दोनशे-तीनशे रुपयांचे पेट्रोल घालून काम भागवण्याची सवय केवळ गरिबीमुळे आलेली नाही, गाडी प्रसंगापुरतीच लागते म्हणूनही ती पडलेली आहे. परंतु तिचा परिणाम असा की टाकीचा मोठा भाग सदैव हवेने भरलेला राहतो. भंडारा जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि पावसाळ्यातील दमट हवा श्वासनळीच्या, म्हणजे टाकीतील दाब बाहेरच्या हवेइतका राखणाऱ्या बारीक वाटेच्या, मार्गाने आत येते, रात्री पत्रा गार झाला की तिच्यातील बाष्पाचे थेंब होतात आणि ते पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी बसतात. टाकीच्या आतील गंजरोधक मुलामा जेथे झिजलेला असतो, तेथे गंज धरतो आणि त्याची बारीक तांबूस भुकटी इंधनाबरोबर पुढे सरकते. गाडी उताराला लागली, वळली किंवा खड्ड्यात आदळली की तळातील पाणी आणि भुकटी ढवळली जाते, आणि सपाट रस्त्यावर नीट चालणारी गाडी अचानक झटके मारू लागते. थोड्या वेळाने उभी केल्यावर ती पुन्हा सुरू होते, कारण गाळ खाली बसलेला असतो. मिस्त्रीकडे पोचेपर्यंत लक्षण नाहीसे झालेले असल्याने दोष कार्ब्युरेटरवर ढकलला जाणे सोपे असते.

टाकी आणि इंजिन यांच्यामधील छोटा पारदर्शक फिल्टर हा या तपासातील सर्वांत स्वस्त साक्षीदार आहे. त्यात तांबूस कण दिसले तर टाकी गंजते आहे. तळाशी वेगळा, चमकणारा थर दिसला तर पाणी आहे. काळपट चिकट पदार्थ दिसला तर रबरी नळी आतून विरघळते आहे. एवढे निदान करायला कोणतेही यंत्र लागत नाही. तरीही प्रत्यक्षात फिल्टर बदलला जातो, जुना न पाहताच फेकला जातो, आणि महिन्याभरात नवाही तुंबतो. टाकी उतरवून धुणे हे खरे काम. ते वेळखाऊ आहे आणि त्यात पैसा कमी आहे, म्हणून ते टळते. येथे एक इशारा आवश्यक आहे: रिकामी दिसणारी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे स्फोटक मिश्रण असते, आणि अशा टाकीला गळती बुजवण्यासाठी थेट वेल्डिंगची ज्योत लावणे म्हणजे मृत्यूला निमंत्रण आहे.

सुट्या पेट्रोलचाही वाटा येथे मोजावा लागतो. पंप दूर असलेल्या आडगावांत किराणा दुकानांतून प्लास्टिकच्या बाटल्यांत पेट्रोल विकले जाते. परवान्याशिवाय अशी विक्री नियमबाह्य आहेच, शिवाय बाटलीतील मूळ द्रवाचा अंश, उन्हात उडून गेलेले हलके घटक आणि फनेलवरची धूळ हे सर्व त्या लिटरभर पेट्रोलबरोबर टाकीत उतरते. खाणींच्या पट्ट्यात मॅंगनीजची काळी बारीक धूळ रस्त्यावर सतत उडत असते, आणि टाकीच्या झाकणाचे रबर कडक होऊन चिरले असेल तर तिला आत शिरायला वेगळ्या दाराची गरज राहत नाही.

भेसळीचा प्रश्न याहून गंभीर आहे, आणि महाराष्ट्रात त्याला रक्ताचा डाग आहे. मनमाडजवळील पानेवाडी येथे इंधनाच्या काळ्या धंद्याचा माग काढणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी जिवंत जाळण्यात आले. त्या काळी भेसळीमागचे अर्थकारण सरळ होते: शिधावाटपाच्या निळ्या रॉकेलचा भाव आणि पेट्रोलचा भाव यांत कित्येक पटींचे अंतर होते. रॉकेल साधारण दीडशे अंश सेल्सिअसच्या पुढे उकळते, पेट्रोलचे हलके घटक चाळीस अंशांच्या आतच वाफ होऊ लागतात. म्हणून रॉकेल मिसळलेले इंधन थंड इंजिनात नीट पेटत नाही, न जळलेला अंश सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून इंजिन ऑइलमध्ये उतरतो, झडपांवर आणि प्लगवर काजळी धरते, आणि चढावर इंजिन ठोके देऊ लागते. स्वयंपाकाचा गॅस खेड्यांत पोचला, शिधावाटपाचे रॉकेल आटले आणि त्याच्यावरील अनुदानही संपले, तसा या भेसळीचा मोह बराच ओसरला आहे. तरीही ग्राहकाला पंपावर गाळणकागदाची चाचणी मागता येते: कागदावर पेट्रोलचा एक थेंब टाकल्यावर तो काही मिनिटांत उडून गेला पाहिजे आणि मागे डाग राहता कामा नये. घनतेची नोंदही विचारता येते. हा हक्क वापरणारे ग्राहक विरळाच, आणि ज्यांच्या गाडीला त्याची सर्वाधिक गरज आहे त्यांच्यापर्यंत तो हक्क पोचलेलाच नाही, असे म्हणावे लागते.

टाकीतून निघालेले पेट्रोल कार्ब्युरेटरच्या गाडीत यांत्रिक पंपाने ओढले जाते. हा पंप इंजिनावरच बसवलेला असतो. कॅमशाफ्टवरील विकेंद्री उंचवटा एक तरफ हलवतो, तरफ रबरमिश्रित पडदा, म्हणजे डायफ्राम, खालीवर करते, आणि दोन एकमार्गी झडपा पेट्रोलला मागे फिरू देत नाहीत. रचना साधी आणि चिवट आहे, पण तिच्यात दोन उणिवा आहेत. पहिली अशी, की पडदा फाटला तर पेट्रोल पंपाच्या तळाशी गळते आणि काही वेळा थेट इंजिन ऑइलमध्ये मिसळते. ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसणे आणि दांडीला पेट्रोलचा वास येणे ही त्याची खूण, आणि ती दिसल्यावर गाडी चालवणे इंजिनाच्या बेअरिंगांना घातक असते. दुसरी उणीव पंपाच्या जागेची आहे, आणि विदर्भात तीच अधिक जाचते.

मे महिन्यात पूर्व विदर्भातील तापमान ४५ अंशांपलीकडे जाते. गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालून थांबली की पंखा आणि समोरून येणारी हवा दोन्ही बंद होतात, तप्त इंजिनाची उष्णता बॉनेटखाली कोंडते, आणि पंप, नळी व कार्ब्युरेटरची वाटी थांबल्यानंतरच अधिक तापतात. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत पेट्रोल ढकलले जात नसून ओढले जात असल्याने तेथील दाब वातावरणापेक्षा कमी असतो, आणि कमी दाबाखाली द्रव कमी तापमानालाच उकळतो. नळीत वाफेचे बुडबुडे होतात; पंपाचा पडदा हलत राहतो, पण तो वाफ दाबतो आणि सोडतो, पेट्रोल पुढे जात नाही. याला वाफकोंडी म्हणता येईल; गॅरेजच्या बोलीत ‘गाडीने एअर पकडली’ असे म्हणतात. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते आणि गाडी सुरू होत नाही. पंपावर ओले फडके ठेवण्याचा जुना उपाय अडाणी समजला जातो, वस्तुतः तो भौतिकशास्त्राला धरून आहे: पाण्याच्या बाष्पीभवनाने पंप गार होतो, आतील वाफेचे पुन्हा द्रवात रूपांतर होते आणि ओढ पूर्ववत होते. कायमचा उपाय मात्र वेगळा आहे. पंप आणि इंजिन यांच्यामधील जाड उष्णतारोधक गॅस्केट जुन्या गाड्यांत दुरुस्तीच्या वेळी हरवलेले किंवा पातळ कागदी गॅस्केटने बदललेले असू शकते. ते मूळ जाडीचे बसवणे, नळी एक्झॉस्टपासून दूर बांधणे, आणि जेथे टाकीकडे जाणारी परतीची नळी आहे तेथे ती मोकळी असल्याची खात्री करणे, एवढ्याने त्रास बराच कमी होतो. परतीच्या नळीतून फिरणारे पेट्रोल पंपातील उष्णता वाहून नेते. ती अनावश्यक समजून बंद करणारा हुशार कारागीर उन्हाळ्यातील बिघाडाची तजवीज करून ठेवतो.

उष्णतेचा दुसरा परिणाम याच्या उलट आहे. कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल उकळून मुख्य वाहिनीतून थेट इंजिनात ओसंडते, मिश्रण वाजवीपेक्षा घट्ट होते, प्लग ओले होतात. वाफकोंडीत इंजिनाला पेट्रोल मिळत नाही, ओसंडण्यात ते फाजील मिळते. दोन्हींत गाडी गरम असताना सुरू होत नाही. फरक वासाने कळतो, आणि उपचार परस्परविरुद्ध आहेत: ओसंडलेल्या गाडीत चोक न ओढता अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारायचा असतो, म्हणजे भरपूर हवा आत जाऊन जादा पेट्रोल वाळते. चोक म्हणजे हवेची वाट अरुंद करून मिश्रण घट्ट करणारी झडप. ओसंडलेल्या इंजिनाला चोक देणे ही सर्वत्र दिसणारी चूक आहे.

आता खुद्द आरोपीकडे वळता येईल. कार्ब्युरेटर पूर्ण निर्दोष आहे असे नाही. त्याच्या वाटीतील तरंगता फ्लोट पातळी वाढली की सुईझडप बंद करतो. सुईच्या टोकावर कचरा अडकला किंवा टोक झिजले तर झडप पूर्ण मिटत नाही आणि पेट्रोल वाहत राहते. फ्लोटला भोक पडून त्यात पेट्रोल शिरले तरी तोच परिणाम. काही कार्ब्युरेटरांच्या वाटीला काचेची खिडकी असते, तिच्यातून पातळी न उघडता पाहता येते; ही खिडकी वर्षानुवर्षांच्या काळ्या थराखाली झाकून गेली, तर ती पुसण्याऐवजी अख्खे यंत्र सोडवण्याचा उद्योग होतो. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिल्यास वाटीतील पेट्रोलचे हलके घटक उडून जातात, उरलेल्या घटकांचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन वार्निशासारखा चिकट थर बनतो आणि तो सर्वांत बारीक छिद्र असलेले जेट, म्हणजे मंदगतीचे जेट, आधी बुजवतो. म्हणूनच उभ्या राहिलेल्या गाडीचे पहिले लक्षण, पाय काढताच बंद पडणे, हे असते. एलपीजीवर चालवल्या गेलेल्या गाड्यांतही हेच घडते, कारण त्यांच्या कार्ब्युरेटरमधून पेट्रोल फिरतच नाही.

जेट म्हणजे ठरावीक मापाचे छिद्र असलेला पितळी तुकडा, आणि त्या छिद्राचे माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात. तुंबलेल्या जेटमध्ये तांब्याची तार खुपसणे ही रस्तोरस्तीची पद्धत आहे, आणि कार्ब्युरेटरच्या बदनामीला ती अंशतः जबाबदार आहे. तारेने छिद्र किंचित मोठे किंवा वेडेवाकडे होते, गाडी पेट्रोल जास्त पिऊ लागते, मग अ‍ॅव्हरेज वाढवण्यासाठी मिश्रणाचा स्क्रू आवळला जातो, त्यामुळे गाडी उचल खात नाही, आणि अखेर ‘कार्ब्युरेटर गेला’ असा निकाल दिला जातो. जेट द्रावणात भिजवून दाबाच्या हवेने साफ करणे एवढेच त्याला हवे असते. त्याखेरीज कार्ब्युरेटरखालचे गॅस्केट आणि व्हॅक्यूमच्या बारीक रबरी नळ्या चिरल्या की बाजूने चोरटी हवा शिरते, आणि तिची लक्षणे पेट्रोल कमी पडण्याच्या लक्षणांशी इतकी जुळतात की जेटवर जेट बदलूनही काही साधत नाही.

हे सर्व जुनेच विकार झाले. गेल्या काही वर्षांत त्यांत एका नव्या कारणाची भर पडली आहे, आणि ते कारण या प्रदेशाच्या शेतीशी जोडलेले आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रायोगिक प्रयत्न २००१ मध्ये झाले, तेव्हा निवडलेल्या तीन ठिकाणांपैकी मिरज आणि मनमाड ही दोन महाराष्ट्रातली होती. २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के मिश्रणाचा कार्यक्रम सुरू झाला, पण तो बराच काळ रखडला. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने वीस टक्क्यांसाठी २०३० हे वर्ष ठरवले होते, ते पुढे २०२५ वर आणण्यात आले. दहा टक्क्यांचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला गेला, फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्क्यांचे पेट्रोल पंपांवर आले, आणि २०२५ पर्यंत तेच सर्वसाधारण पेट्रोल बनले. या इथेनॉलसाठी ऊस लागतो, तसे धान्यही लागते. सरकारी गोदामांतील जादा तांदूळ त्यासाठी देण्याचा निर्णय २०२० मध्ये झाला, जुलै २०२३ मध्ये तो पुरवठा थांबला आणि पुढे पुन्हा सुरू झाला. धानाच्या पट्ट्यातील शेतकऱ्याच्या दृष्टीने, आपल्या पिकाला आणखी एक गिऱ्हाईक मिळणे ही वाईट बातमी नाही. तोच शेतकरी जुन्या मोटारीचा मालक असेल तर मात्र हिशेब दुसऱ्या बाजूनेही मांडावा लागतो.

तो हिशेब रसायनशास्त्राचा आहे. शुद्ध पेट्रोलचा एक किलो पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्याने त्याला सुमारे ९ किलो पुरते. वीस टक्के मिश्रणाचे हे प्रमाण १३.५ च्या आसपास येते. म्हणजे तेवढ्याच हवेला आता अधिक इंधन द्यायला हवे. ऑक्सिजन सेन्सर असलेल्या इंजेक्शनच्या गाडीत धुरातील शिल्लक ऑक्सिजन मोजून नियंत्रक इंजेक्टर थोडा अधिक वेळ उघडा ठेवतो आणि फरक बराचसा भरून काढतो. कार्ब्युरेटरला हे कळण्याचा मार्गच नाही; त्याचे जेट ज्या इंधनासाठी कापले गेले, त्याच्याच मापाने ते पेट्रोल सोडत राहते, आणि मिश्रण सात-आठ टक्क्यांनी विरळ होते. थंड इंजिन लवकर धरत नाही, पाय दाबताच क्षणभर दम खाते, कधी कार्ब्युरेटरच्या तोंडातून फट्‌ असा आवाज येतो. शिवाय लिटरमागे इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असते. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यातच, मूळ शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींचे मायलेज वीस टक्के मिश्रणावर सहा ते सात टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. इथेनॉलचा ऑक्टेन अंक, म्हणजे ठोके न देता दाब सोसण्याची क्षमता, उंच असते हे खरे. पण त्याचा लाभ अधिक संपीडनाच्या नव्या इंजिनांना होतो, ऐंशीच्या दशकातील आराखड्याच्या इंजिनाला त्या उंचीचा उपयोग करून घेता येत नाही.

याहून जास्त नुकसान रबराचे आणि धातूचे होते. जुन्या गाडीतील नळ्या, पंपाचा पडदा, सुईचे टोक, ओ-रिंगा यांचे रबर इथेनॉल गृहीत धरून निवडलेले नव्हते. ते आधी फुगते, मऊ पडते आणि गाडी उभी राहून वाळले की कडक होऊन चिरते. इथेनॉल उत्तम द्रावक असल्याने टाकीत वीस वर्षांत साचलेला चिकट थरही ते सोडवते, आणि नव्या पेट्रोलवर पहिल्या काही टाक्यांत फिल्टर वारंवार तुंबण्याचे कारण हेच असते. पाण्याच्या बाबतीत तर चित्रच पालटते. शुद्ध पेट्रोलमध्ये पाणी मिसळत नाही, तळाशी बसते. इथेनॉल मात्र पाणी शोषून घेते आणि काही मर्यादेपर्यंत ते मिश्रणात सामावून जळूनही जाते. दहा टक्क्यांच्या मिश्रणात ही मर्यादा पंधरा अंश तापमानाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते, वीस टक्क्यांत ती अधिक असते. मर्यादा ओलांडली, किंवा तापमान घटल्याने ती खाली आली, की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा जड थर तळाशी जमतो. पावसाळाभर ओल पिऊन अर्धी रिकामी उभी राहिलेली गाडी डिसेंबरच्या थंडीत नेमकी सुरूच होत नाही, याचे स्पष्टीकरण येथे मिळू शकते. पंप तळातून जो द्रव ओढतो तो पेट्रोल नसतोच, आणि कार्ब्युरेटरच्या जस्तमिश्रित शरीरावर पांढरी बुरशीसारखी भुकटी धरते ती त्याच थराची करणी असते.

इंजेक्शनच्या गाड्यांविषयी थोडक्यात सांगता येईल, कारण त्यांच्यात हाताने करण्याजोगे कमी आहे. त्यांचा विद्युत पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्याच पेट्रोलने गार राहतो. टाकी सतत तळाला लागलेली ठेवली तर तो तापतो, गाळ ओढतो आणि अकाली जळतो. चावी फिरवल्यावर मागच्या आसनाखालून दोन-तीन सेकंद येणारा बारीक गुणगुणाट बंद झाला, तर आधी फ्यूज आणि रिले तपासावेत, पंप नंतर. इंजेक्टर तुंबणे, दाबनियंत्रक बिघडणे आणि सेन्सर चुकीचा निर्देश देणे हे बाकीचे विकार स्कॅनर लावूनच पाहावेत.

उपायांची बाजू, कारणांच्या मानाने, स्वस्त आहे. इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या नळ्या, नवा पडदा, नवी सुई, नवे झाकण आणि वर्षातून एकदा धुतलेली टाकी, एवढ्यावर बहुतेक जुन्या गाड्या पुन्हा नीट चालतात. कार्ब्युरेटरचे मुख्य जेट एका मापाने मोठे बसवले तर विरळपणाही सुधारतो, मात्र ते तयार मापाचे बसवावे, तारेने कोरलेले नव्हे. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवावी, म्हणजे ओल शिरायला जागा उरत नाही. सरकारच्या बाजूने मात्र मालकाला निवड ठेवलेली नाही. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये दहा टक्के मिश्रण आणले तेव्हा जुन्या गाड्यांसाठी पाच टक्क्यांचे महाग पेट्रोल पंपांवर चालू ठेवले. भारतात इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. ऊस आणि धान पिकवणाऱ्यांचे हित व परदेशी चलनाची बचत ही धोरणाची कारणे खोटी नाहीत, पण नव्या गाड्यांसाठी सुसंगततेची तारीख ठरवताना जुन्यांसाठी एक नळ राखून ठेवणे अशक्य होते असे दिसत नाही.

पंधरा वर्षांनंतर नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले, आणि नूतनीकरणासोबत पीयूसी, म्हणजे प्रदूषण नियंत्रणाखाली असल्याचे प्रमाणपत्र, लागतेच. भारत स्टेज दोनपूर्वीच्या पेट्रोल चारचाकीला या चाचणीत कार्बन मोनॉक्साइडची तीन टक्क्यांपर्यंत मुभा आहे. विरळ मिश्रणात कार्बन मोनॉक्साइड कमी तयार होतो, त्यामुळे इथेनॉलमुळे दम खाणारी, चढावर झटके मारणारी जुनी गाडी या कसोटीला पूर्वीपेक्षा सहज उतरते. नळी धुराड्यात घालून मोजणी होते ती गाडी उभी असताना, मंदगतीला. त्या वेळी इंजिनाला पेट्रोल पुरवते ते मंदगतीचे जेट, आणि मुख्य जेट, जेथे तुमसरच्या रस्त्यावर पाय दाबल्यानंतर सगळा तुटवडा जाणवतो, त्या मोजणीत सामीलच होत नाही.